फिलिपिनो गिटारवाला, दुबईचं हॉटेल आणि क्रूझ: दहा वर्षांनी हातात काय उरणार?

अबुधाबीत नर्स असलेल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या वॉर्डातल्या फिलिपिनो सहकारी बाईंचा धाकटा भाऊ 23 वर्षांचा आहे. सेबूला लागून असलेल्या लापु-लापुचा. गिटार वाजवतो, गातो, पाच वर्षं तिकडच्या बारमध्ये काम करतोय. आता त्याच्यासमोर दोन संधी एकदम आल्यात. एक दुबईतल्या हॉटेलच्या लाउंजमध्ये, पाच जणांचा बँड, सहा महिन्यांचं कंत्राट. पण एजंट म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर ये, पुढचं इथे आल्यावर बघू. दुसरी, क्रूझवरच्या पार्टी बँडसाठी ऑडिशन. घरी वडील आजारी, पैसा हवाय. मुलाच्या मनात मात्र स्वतःची गाणी करायचं आहे. ताईंचा प्रश्न असा की यातलं काय घ्यावं, आणि यात करिअर आहे का, की चाळिशीला पोरगा रिकाम्या हाताने घरी परतणार?

मी बेस गिटार वाजवतो. गिरगावात वाढलो, 1998 मध्ये मस्कतच्या एका हॉटेलात पहिलं कंत्राट मिळालं, पुढे अकरा वर्षं जहाजांवर काढली आणि आता दुबईत हॉटेलांसाठी बँड निवडायचं काम करतो. यातली बहुतेक वर्षं फिलिपिनो बँडमधला एकटा भारतीय म्हणून गेली. या मुलाच्या वयाची, याच दोन दारांसमोर उभी असलेली मुलं मी खूप पाहिली, त्यामुळे मनापासून लिहितोय.

ताई, दुबई की क्रूझ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा आहे की कंत्राट संपल्यावर त्याच्याजवळ काय राहणार. तुमच्या नोकरीत वर्षं आपोआप साठतात. अनुभवाचा दाखला मिळतो, पगार चढतो, ग्रॅच्युइटी जमते. हॉटेलच्या बँडमध्ये सहा महिने झाले की पाटी पुसली जाते. पुढच्या हॉटेलात तो पुन्हा नवा, पुन्हा ऑडिशन, आणि पगार बहुतेक वेळा तेवढाच. मी पस्तिशीतले असे गायक पाहिलेत की ज्यांनी सात देश केले आणि तरी एजंटच्या फोनची वाट बघत घरी बसलेत. गळ्यात किंवा हातात काही कमी नव्हतं त्यांच्या. या धंद्यात आपोआप काही साठत नाही, ठरवून बाजूला काढावं लागतं, हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, हे आधीच सांगतो. वडिलांच्या आजारपणासाठी कर्ज काढलंय का, आणि किती? दुबईच्या बँडचा लीडर कोण आहे? (याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, खाली येतोच.) आणि मुलाला नोटेशन वाचता येतं का? तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा येत नसावं. या तीन उत्तरांवर माझा सल्ला थोडा इकडेतिकडे होईल.

फिलिपिनो वादक जगभर का दिसतात, याचं उत्तर आपल्याकडे बहुतेक जण "त्यांच्या रक्तातच संगीत आहे" असं देतात. मला ते पटत नाही, कारण त्यात त्यांच्या मेहनतीचा हिशोबच राहत नाही. स्पॅनिश राजवट तिथे तीनशे वर्षांहून जास्त होती आणि चर्चने गावोगावी गाणारे-वाजवणारे तयार केले. मनिलाजवळ लास पिन्यासच्या चर्चमध्ये बांबूच्या नळ्यांचा ऑर्गन आहे, तो 1824 मध्ये पूर्ण झाला. मग अमेरिकन आले. फिलिपाइन कॉन्स्टॅब्युलरी बँड, म्हणजे तिथल्या पोलिसदलाचा बँड, 1904 मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात वाजवून आला आणि 1909 मध्ये राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या शपथविधीच्या मिरवणुकीत होता. 1920-30 च्या दशकांत शांघायच्या डान्स हॉलमध्ये फिलिपिनो जॅझवाले होते, पुढे हाँगकाँगच्या नाइटक्लबमध्ये. आणि 1991-92 पर्यंत क्लार्क आणि सुबिक हे अमेरिकेचे प्रचंड तळ तिथे होते. त्यांच्या बाहेरच्या क्लबांत सैनिकांना घरच्या रेडिओवरचं गाणं जसंच्या तसं हवं असायचं. तिथे घासूनपुसून तयार झालेल्या बँडनी पुढच्यांना शिकवलं. एवढ्या पिढ्यांचा रियाज आहे तो.

"जसंच्या तसं" यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे, प्लाकादो. प्लाका म्हणजे रेकॉर्ड, तबकडी. रेकॉर्डवर आहे तसं, श्वासासकट. मस्कतला आमच्या लीडरला सगळे कुया म्हणायचे, म्हणजे दादा. दुपारी तीनची वेळ, लाउंजमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, कोपऱ्यात व्हॅक्यूम क्लीनर चालू. त्या रात्री एका भारतीय कुटुंबाची पार्टी होती आणि एक हिंदी गाणं बसवायचं होतं. गायिका फिलिपिन्समधल्या इलोइलोची, हिंदीचा एक शब्द येत नाही. मी एकेक ओळ म्हणायचो, ती आपल्या पद्धतीने रोमन अक्षरांत वहीत उतरवायची. 'ख' तिच्या कानाला 'क'च लागे, कारण तिच्या भाषेत तो ध्वनीच नाही. शेवटी कुयाने टिश्यू पेपरची एक पट्टी फाडली, तिच्या ओठांसमोर धरली आणि म्हणाला, "क म्हणताना हा हलायला नको, ख म्हणताना हलायला हवा." तिने तासभर ते केलं. पट्टी ओली होऊन फाटली, दुसरी घेतली. रात्री त्या कुटुंबातल्या आजी उठून स्टेजजवळ आल्या आणि तिच्याशी हिंदीत बोलायला लागल्या. तिला काही समजेना, ती नुसती हसून हात जोडत होती. ताई, हे कौशल्य मी जवळून पाहिलंय आणि त्याला मी कधीही 'नक्कल' म्हणून हिणवणार नाही.

पण याच कौशल्याची एक अडचण आहे. गाणं प्लाकादो झालं की ऐकणाऱ्याला मूळ गायक आठवतो, वाजवणाऱ्याचं नाव नाही. हॉटेलवाल्याला 'फिलिपिनो बँड' हवा असतो; त्यातला माणूस बदलला तरी चालतं. त्यात बॅकिंग ट्रॅक आले, म्हणजे लॅपटॉपवरून वाजणारी आधीच रेकॉर्ड केलेली साथ. मी सुरुवात केली तेव्हा सात-आठ जणांचे बँड असत. माणसामागे व्हिसा, तिकीट, खोली, तीन वेळचं जेवण, असा हॉटेलचा खर्च असतो. लॅपटॉपला यातलं काही लागत नाही. म्हणून सातचे पाच झाले, पाचचे तीन, आणि आता माझ्याकडे येणाऱ्या मागण्यांत बऱ्याच नुसत्या दोघांच्या असतात: एक गायिका, एक गिटार किंवा कीबोर्ड. या मुलाला हे माहीत असायला हवं. जो गातोही आणि वाजवतोही त्याला यात फायदा आहे, नुसत्या वाजवणाऱ्याला कमी.

आता नोटेशनबद्दल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझं स्वतःचं आयुष्य यावर फिरलं. जहाजावर दोन प्रकारचे वादक असतात. पार्टी बँड, लाउंजचे त्रिकूट वगैरे मंडळी कानाने वाजवतात. थिएटरचा ऑर्केस्ट्रा मात्र कागदावरून वाजवतो. मी सुरुवातीला पार्टी बँडमध्ये होतो, थोडंफार वाचायचो, आणि एकदा ऑर्केस्ट्राचा बेसवाला आजारी पडला म्हणून मला बसवलं. जहाज बार्सिलोनाला लागलेलं. पाहुणी गायिका दुपारी फोल्डर घेऊन आली, प्रत्येकाच्या स्टँडवर बारा गाणी ठेवली. तासाभराची एकच तालीम आणि रात्री दोन शो. लीडरने चार मोजले. तिसऱ्या पानावर खुणेपासून मागे जायचं होतं आणि तिथून उडी मारून शेवटच्या तुकड्यावर. मी सरळ पुढे वाजवत गेलो. पान उलटलं तेव्हा बाकीचे संपवून माझ्याकडे बघत होते.

शेजारी फिलिपिन्समधल्या पाम्पांगाचा एक ट्रम्पेटवाला बसायचा, गावच्या बँडमध्ये लहानपणापासून तयार झालेला. त्याने दुसऱ्या दिवशी क्रू मेसमध्ये मला बसवलं, पेन्सिल दिली आणि सांगितलं, वाद्य बाजूला ठेव, आधी रस्ता बघ. कुठून मागे, कुठे उडी, कुठे दोनदा. त्या खुणांना गोल कर, मग सूर. तीन महिने, रोज जेवणानंतर चाळीस मिनिटं. पुढच्या कंत्राटात मी ऑर्केस्ट्रात होतो. पगार चांगला, केबिन बरी, आणि वर्षानुवर्षं काम, कारण वाचणारे बेसवाले त्या कंपनीला सहज मिळत नव्हते. ती चाळीस मिनिटं नसती तर आज हे उत्तर लिहिणारा मी नसतो.

आपल्या मुंबईचा इतिहासही हेच सांगतो. गोव्यात पोर्तुगीज चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेजो (सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत, जसं तिकडे स्पॅनिशांच्या राज्यात चाललं होतं. ते गोंयकार मुंबईत आले, हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि तिथून हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत पोचले. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या चाली ऑर्केस्ट्रासाठी कागदावर उतरवणं, पन्नास व्हायोलिनवाल्यांना एकाच वेळी वाजवता येईल असं लिहिणं, हे काम सेबास्तियन डिसोझांसारख्यांनी केलं. हॉटेलचं काम आज आहे, उद्या नाही. लिहितावाचता येत होतं म्हणून त्यांना हॉटेलच्या पलीकडे जागा मिळाली. पडद्यावर नाव मिळालं नाही बहुतेकांना, ते दुःख वेगळं आहे आणि खरं आहे. पण घरं चालली, मुलं शिकली.

तेव्हा मुलगा कुठेही जाओ, दुसऱ्या दिवसापासून वाचायला शिकणं सुरू झालं पाहिजे. 23 हे त्यासाठी अजिबात उशिराचं वय नाही. दोन वर्षांत माणूस कामापुरतं चांगलं वाचायला लागतो.

आता दुबईची ऑफर. व्हिजिट व्हिसावर यायला ठाम नकार द्या. इथे मी 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणणार नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आणि पुढे देशबंदी वाद्य वाजवणाऱ्याला भोगावी लागते, एजंट नामानिराळा राहतो. शिवाय असा निघालेला मुलगा फिलिपिन्सच्या विमानतळावरच अडवला जाण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्याकडे त्याला 'ऑफलोड' म्हणतात. इमिग्रेशनला संशय आला की विमानात चढू देत नाहीत. कामासाठी परदेशी जाणाऱ्या फिलिपिनो माणसाकडे ओईसी नावाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळतं नोंदणीकृत एजन्सी आणि मंजूर करार असेल तर. पूर्वी हे काम पीओईए ही सरकारी संस्था बघायची, आता डिपार्टमेंट ऑफ मायग्रंट वर्कर्स बघतं. कुठल्या एजन्सीला परवाना आहे आणि तिच्याकडे त्या कामाची मंजुरी आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं. त्याच्या बहिणीला तर आणखी सोपं आहे. त्या खात्याचं मायग्रंट वर्कर्स ऑफिस अबुधाबीत आहे आणि दुबईतही आहे. सुट्टीच्या दिवशी एक चक्कर मारा आणि एजंटचं व हॉटेलचं नाव विचारा.

पैशांचंही सांगतो. फिलिपिन्सच्या नियमाप्रमाणे जमिनीवरच्या नोकरीसाठी एजन्सीला जास्तीत जास्त एका महिन्याचा पगार फी म्हणून घेता येतो, तोही करार झाल्यावर आणि पावती देऊन. यूएईचा कामगार कायदा भरतीचा खर्च मालकावर टाकतो. जहाजाच्या नोकरीसाठी तर एजन्सीने एक पेसोही घ्यायचा नसतो. 'प्रोसेसिंग', 'ट्रेनिंग', 'कॉश्च्यूम डिपॉझिट' अशी नावं देऊन कुणी आधी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. माझा मस्कतला पहिल्याच दिवशी काढून घेतला होता, 'सेफ कस्टडी' म्हणून. वडील गेले तेव्हा तो परत मिळायला चार दिवस लागले. मी अंत्यविधीला पोचलो नाही. म्हणून हे वाक्य मी कुठल्याही नव्या मुलाला दोनदा सांगतो: पासपोर्ट स्वतःजवळ.

समजा एजंटने रीतसर वर्क व्हिसा दिला, तर मग करार वाचायचा. पगाराचा आकडा सगळेच बघतात. त्याने बघावं की आठवड्याला किती रात्री आणि रात्री किती सेट, म्हणजे सलग वाजवण्याच्या किती फेऱ्या. आमच्याकडे सहा रात्री, रोज पंचेचाळीस मिनिटांचे चार सेट, ही सर्वसाधारण रीत आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर गळा सहा महिने टिकणार नाही. हॉटेल पंधरा दिवसांच्या नोटिशीवर बँड काढू शकतं का, आणि काढलं तर परतीचं तिकीट कोणाकडे? 'वाजवलं नाही तर पगार नाही' असं कलम आहे का? आखातात हे फार महत्त्वाचं. एका हॉटेलात रमजानमध्ये लाइव्ह संगीत बंद झालं आणि आमच्या पाच जणांना महिनाभर फक्त जेवण-खोली मिळाली. करारात ते कलम होतं, आम्ही वाचलं नव्हतं. खोलीत किती जण, बाहेर दुसरीकडे वाजवायची परवानगी आहे का, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हॉटेलने वापरलं तर काय, हेही विचारून घ्यावं.

आणि लीडर. बँडमधल्या एखाद्या जुन्या सदस्याला शोधून गाठा, सध्याच्या नाही, सोडून गेलेल्या. त्याला दोनच गोष्टी विचारा: पगार हॉटेल थेट प्रत्येकाला देतं की लीडरच्या हातात देतं, आणि दुपारी तालीम होते का. रोज तालीम घेणारा लीडर मिळाला तर कमी पगारातही जावं असं माझं मत आहे. आमचा कुया सहा महिन्यांत दोनशेच्या वर गाणी बसवून घ्यायचा, आवाजाचे तीन भाग शिकवायचा, आणि नव्या मुलाला मॅनेजरसमोर कसं बोलायचं तेही सांगायचा. वाईट लीडरकडे तीच साठ गाणी वर्षभर चालतात.

क्रूझबद्दल. बचतीच्या दृष्टीने जहाज सरस आहे, यात शंका नाही. राहणं-जेवण फुकट, भाडं नाही, मॉल नाही. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा जहाजी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार 2013 पासून लागू आहे, फिलिपिन्सने त्याला मान्यता दिली आहे, त्यामुळे पगार, विश्रांतीचे तास, आजारपणातले उपचार, परत पाठवण्याचा खर्च या बाबतीत हॉटेलपेक्षा कागद जास्त पक्के असतात. सीमन्स बुक (खलाशाची नोंदवही), सेफ्टी ट्रेनिंग, मेडिकल, अमेरिकी बंदरांचा व्हिसा या सगळ्याला काही महिने जातात, तेवढं गृहीत धरा. उलट बाजूला सहा-आठ महिने एकाच लोखंडी गावात राहायचं, खोलीत दुसरा माणूस, आणि इंटरनेट जपून. गाणी लिहायची शांतता काहींना तिथे मिळते, काहींची पार वाट लागते. हे त्या मुलाचा स्वभाव ठरवणार.

फिलिपिन्सच्या प्रमाणित करारानुसार जहाजावरच्या माणसाच्या मूळ पगाराचा किमान 80 टक्के भाग घरच्या खात्यावर जातो. घरच्यांसाठी हे उत्तम आहे. पण मी पाहिलेली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. त्यांच्याकडे 'उतांग ना लोओब' म्हणून एक भावना आहे. आपण ऋण म्हणतो ना, मनातलं, तेच. ज्याने वाढवलं त्याला नाही म्हणता येत नाही. मग आधी वडिलांची औषधं, मग बहिणीची फी, मग काकांची ट्रायसिकल (तिकडची रिक्षा), मग फिएस्ता, म्हणजे गावची जत्रा. घरी पाठवलेल्या पैशाला ते पदाला म्हणतात, आणि दहा वर्षं पदाला पाठवणारा मुलगा परत आला की त्याच्या नावावर एक खातंसुद्धा नसतं. सही करतानाच रक्कम विभागून घ्यायची. काही भाग स्वतःच्या नावाच्या खात्यात, पहिल्या महिन्यापासून, कितीही लहान असो. परदेशी काम करणाऱ्यांना एसएसएस या तिकडच्या सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेची सदस्यता 2018 च्या कायद्याने सक्तीची आहे, ती खंडित होऊ देऊ नये. पाग-इबिग या सरकारी निधीची एमपी-2 ही पाच वर्षांची बचत योजना आहे, माझ्या ओळखीचे बरेच वादक त्यात पैसे टाकतात. बहीण नर्स आहे, कमावती आहे. वडिलांच्या खर्चाची वाटणी दोघांनी आत्ताच कागदावर लिहून ठरवली तर पुढे मनं दुखावणार नाहीत.

एकाच दारावर विसंबू नये, हे मी जपानवरून शिकलो. मी स्वतः तिथे गेलो नव्हतो, पण माझ्याबरोबरचे निम्मे लोक तिथून आले होते. 2004 मध्ये 80 हजारांहून अधिक फिलिपिनो 'एंटरटेनर' व्हिसावर जपानला गेले. त्यांत बहुतेक मुली होत्या आणि अनेकींना गाण्याच्या नावाखाली क्लबमध्ये भलतंच काम करावं लागे. अमेरिकेच्या मानवी तस्करीविषयीच्या अहवालात टीका झाली आणि मार्च 2005 पासून जपानने नियम कडक केले. फिलिपिन्स सरकारचा कलाकार म्हणून दाखला आता व्हिसासाठी पुरेसा नव्हता. 2006 मध्ये तोच आकडा दहा हजारांच्या आत आला. शोषण थांबायलाच हवं होतं. पण खरोखरच गाणारे-वाजवणारेही त्यात घरी बसले, दोन वर्षांत. मग 2020 मध्ये कोविडमुळे सगळी क्रूझ जहाजं थांबली, मनिलाच्या उपसागरात क्रूझ नांगर टाकून उभी होती आणि माणसं घर डोळ्यांना दिसत असूनही उतरू शकत नव्हती. त्या महिन्यांत ज्यांना घरी बसून शिकवता येत होतं, रेकॉर्डिंग करता येत होतं, त्यांचीच चूल पेटली.

त्याच्या स्वतःच्या गाण्यांबद्दल. सगळे आर्नेल पिनेदाचं उदाहरण देतात, हा मुलगाही देत असेल. मनिलाच्या रस्त्यांवर दिवस काढलेला मुलगा, हाँगकाँगच्या क्लबांत वर्षानुवर्षं दुसऱ्यांची गाणी गायलेला, आणि 2007 मध्ये यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून जर्नी या अमेरिकन बँडने त्याला बोलावलं. त्या वेळी तो चाळिशीला टेकला होता. ही घटना खरी आहे, सुंदर आहे, पण ती योजना होऊ शकत नाही. फिलिपिनो गायिका लेआ सलोंगा 18 व्या वर्षी लंडनमध्ये 'मिस सायगॉन' या संगीतनाटकाची नायिका झाली, 1991 मध्ये रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवला; पण ती सात वर्षांची असल्यापासून मनिलाच्या रंगभूमीवर काम करत होती. दोघांकडून घेण्यासारखं एवढंच की आपलं काम कुठेतरी चांगलं नोंदलेलं हवं. महिन्यातून एक गाणं, नीट आवाजात, स्वतःच्या नावाखाली. लिहिलेल्या गाण्यांची नोंद फिलस्कॅप या त्यांच्या हक्कसंस्थेत करावी. आणि कंत्राटात हॉटेलला आपल्या मूळ रचनांवर हक्क देणारी ओळ असेल तर ती खोडून घ्यावी. मी आजवर अशी ओळ खोडायला सांगितल्यावर कुणी कंत्राट परत घेतलेलं पाहिलेलं नाही.

कानांची काळजी पहिल्या दिवसापासून. ड्रमच्या शेजारी उभं राहायचं असेल तर संगीतकारांसाठीचे इअरप्लग, आणि शो संपल्यावर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो दुर्लक्ष करण्याचा विषय नाही. माझा डावा कान वरच्या पट्टीत कमी ऐकतो, ते परत येत नाही.

तर माझं मत. कर्जाचा तगादा असेल आणि क्रूझचं ऑडिशन पास झालं, तर क्रूझ घ्यावी. पैसा लवकर उभा राहील, कागद पक्के असतील, आणि ऑर्केस्ट्रातली माणसं त्याच जहाजावर असतील, त्यांच्याकडून वाचायला शिकता येईल. पार्टी बँडमध्ये शिरायचं, पण नजर थिएटरच्या ऑर्केस्ट्रावर ठेवायची. घरचा भार बहीण वर्षभर उचलू शकत असेल, वर्क व्हिसा रीतसर असेल आणि लीडर तालीम घेणारा असेल, तर मी दुबई आधी म्हणेन. दुपार मोकळी असते, शहरात शिकवणारे आहेत, स्टुडिओ आहेत, रोज नव्या माणसांशी ओळख होते. दोन्ही फसलं तर सेबूतच आणखी वर्षभर वाजवत वाचायला शिकणं हाही चांगला पर्याय आहे. 24 व्या वर्षी वाचता येणारा गिटारवाला-गायक म्हणून त्याची किंमत आजच्यापेक्षा जास्त असेल.

लापु-लापुचा आहे म्हणालात. त्या भागात गिटार हातांनी बनवतात, आबुनोमध्ये कारखाने आहेत. त्याच्या घरात किंवा शेजारी कुणी ते काम करत असेल तर निघण्यापूर्वी फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या) बसवणं, सेटअप करणं, तडा गेलेलं लाकूड जोडणं शिकून घे म्हणावं. जहाजावरच्या एसीत आणि आखाताच्या कोरड्या हवेत गिटारी फाटतात, आणि दुरुस्त करणारा कुणी नसतो. आमच्या जहाजावर एक जण ते करायचा. त्याच्या केबिनबाहेर दर बंदराला दोन-तीन केस उभ्या असायच्या.

या आठवड्यात एवढं करा. एजंटकडून कराराची प्रत आणि व्हिसाचा प्रकार लेखी मागवा, आणि मुलाला एखादं साधं नोटेशन समोर ठेवून दोन मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगा, जमलं नाही तरी चालेल. करारातलं नाव-गाव झाकून कलमं इथे टाका. मी वाचून सांगतो.